कै. बाळू पालवणकर : चिकाटीचे चरित्र

खेळ म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग, असे मानणारी मंडळी आपल्या समाजात पूर्वी पुष्कळ होती, आणि आजही ती अगदीच नाहीशी झालेली नाहीत. तथापि अलीकडे या मताचा जोर ओसरला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. ऑलिंपिकमध्ये किंवा विश्वचषकाच्या सामन्यात एखाद्या खेळाडूने अखेरच्या क्षणी पराभव परतवून लावला की त्याची कथा दुसऱ्या दिवशी घरोघर सांगितली जाते आणि शाळेतील गुरुजी मुलांना तिचे तात्पर्य समजावून देतात. हार मानू नका, प्रयत्न सोडू नका, म्हणजे यश तुमचेच आहे, असे ते तात्पर्य. या उपदेशात खोटे काही नाही. परंतु तो पुरा आहे काय, हा प्रश्न आमच्या मनात बरेच दिवस घोळत आहे.

त्याचे कारण असे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात दरवर्षी समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो. अशाच एका समारंभात व्यासपीठावर हारतुरे चालले असता सभागृहाच्या दाराशी दोन तरुण उभे असलेले आम्ही पाहिले. दोघेही तीन तीन वेळा स्पर्धा परीक्षेस बसले होते, आणि दोघांनाही यश आले नव्हते. त्यांनी प्रयत्न सोडले नव्हते. एकजण सकाळी घरोघर वर्तमानपत्रे टाकून दुपारी अभ्यासिकेत बसत असे, हे आम्हांस ठाऊक होते. व्यासपीठावरील वक्ते जेव्हा चिकाटीचे फळ हमखास मिळते असे सांगू लागले, तेव्हा त्या दोघांच्या माना खाली गेल्या. चिकाटीचे फळ यशच असेल, तर ज्याला यश नाही त्याची चिकाटी कमी पडली, असाच त्या बोलण्याचा अर्थ होता. हा अर्थ आम्हांस अन्यायाचा वाटला. त्याला उत्तर शोधीत असता आम्हांस आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाचे चरित्र आठवले. ते चरित्र म्हणजे भारतीय क्रिकेटचे आद्य गोलंदाज कै. बाळू पालवणकर यांचे होय. त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल, पण त्यांची कथा मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

बाळूंचा जन्म इ. स. १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. कोकणातील पालवण हे या घराण्याचे मूळ गाव, व त्यावरूनच पालवणकर हे आडनाव पडले. जात चर्मकार. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले, आणि तेथेच बाळूंचा व त्यांचा धाकटा भाऊ शिवराम यांचा क्रिकेटशी परिचय झाला. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू, एवढीच या भावंडांची खेळाची सामग्री. घरची ओढगस्त मोठी असल्याने बाळूंना शाळा लवकर सोडावी लागली. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडावयाचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा, या कामावर ते लागले. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या क्लबात त्यांना नोकरी मिळाली, आणि पगार एका रुपयाने वाढला. तेथे रूळ फिरवण्याखेरीज सरावासाठी जाळी उभारावी लागे, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेघा आखाव्या लागत, आणि कोणा साहेबाचा चेंडू दूर गेला तर तो धावत जाऊन आणावा लागे.

एके दिवशी एका साहेबाने सरावासाठी गोलंदाज नाही म्हणून या मैदानावरच्या पोऱ्याला चेंडू टाकावयास सांगितले. बाळूंनी डाव्या हाताने, संथ पण फसव्या फिरकीचा चेंडू टाकला, आणि साहेब चकित झाला. तेव्हापासून हे त्यांचे नित्याचेच काम होऊन बसले. त्या काळचे नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग हे सरावासाठी इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंकडून तासन् तास चेंडू टाकवून घेत. आपणांस बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस द्यावयाचे, असा त्यांचा बाळूंशी करार होता, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या जाळीत बाळूंचा हात तयार झाला, यात शंका नाही. चेंडू कधी हवेत रेंगाळू द्यावा, कधी किंचित वेगाने सोडावा, फलंदाजाचा पाय कोणत्या चेंडूला पुढे येतो आणि कोणत्या चेंडूला मागे हटतो, हे सर्व ज्ञान त्यांनी दुसऱ्याच्या सरावात स्वतःचा सराव करून मिळवले. एक गोष्ट मात्र या जाळीत कधीच घडली नाही. बाळूंच्या हाती कोणी बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, ते नोकराने करावे. फलंदाजी हा साहेबांचा थाट, अशी तेथील रीत होती.

येथे क्षणभर थांबून एक विचार मांडतो. चिकाटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अखेरचा निर्णायक क्षण येतो. बाळूंची चिकाटी मात्र अशा जागी घडली, जेथे टाळ्या नव्हत्या, सामना नव्हता, आणि आपण कधी सामना खेळू अशी आशा धरण्यासही आधार नव्हता. मिळालेले काम हलके होते, पण ते त्यांनी हलक्या मनाने केले नाही. ज्यांना पुढची वाट दिसत नाही अशांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांशी सामना खेळावयाचा होता. शहरातील सर्वांत चांगला गोलंदाज युरोपियनांच्याच क्लबात रूळ ओढत आहे, हे सर्वांस माहीत होते. पण तो अस्पृश्य. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर वाद माजला. काहींनी त्यास पाठिंबा दिला, तर अनेकांनी विरोध केला. अखेरीस जिंकण्याची इच्छा सोवळ्याहून बलवान ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर त्यांनी एकामागून एक गडी बाद करावे, आणि ज्या चेंडूस त्यांचा हात लागला तोच चेंडू सवर्ण खेळाडूंनी आनंदाने झेलावा, यात कोणास विटाळ होत नसे. परंतु चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसून चिनीमातीच्या कपातून चहा पीत, आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या बोळक्यात दिला जाई. जेवणासाठी त्यांचे ताट निराळे आणि जागाही निराळी. हात धुण्याचे पाणी द्यावयास अस्पृश्य नोकरच लागे. युरोपियनांच्या संघांवर मिळवलेल्या विजयांनंतर न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या धुरीणांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, आणि जो बरोबर खेळतो त्याच्याबरोबर जेवण्यास हरकत कोणती, अशा आशयाचा सवाल समाजापुढे टाकला. ते बोळके मात्र एका भाषणाने फुटणारे नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगने थैमान घातले, त्या सुमारास बाळू मुंबईस आले. तेथे रेल्वेच्या संघाकडून ते खेळू लागले आणि पुढे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यानेही त्यांना घेतले. प्रथम काही सभासदांनी नाके मुरडली, पण गुणग्राही मंडळींचा आग्रह विजयी झाला. १९०६ सालच्या फेब्रुवारीत मुंबईस हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांत आणि दुसरा अवघ्या १०२ धावांत आटोपला. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला, आणि दोन्ही डाव मिळून बाळूंनी आठ गडी बाद केले. या संघात शिवरामही होते. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवता येते, हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने तर या विजयापेक्षाही निराळ्या गोष्टीचे महत्त्व ओळखले. पुण्यास ज्याला बाहेर चहा दिला जाई, त्याच्या पंक्तीस मुंबईचे खेळाडू बसू लागले, हा त्या पत्राच्या दृष्टीने खरा विजय होता.

पुढील वर्षी, म्हणजे १९०७ साली, पारशी, हिंदू व युरोपियन यांचे तिरंगी सामने सुरू झाले, आणि १९१२ साली मुसलमानांचा संघ मिळून ते चौरंगी झाले. या सामन्यांत वर्षानुवर्षे हिंदू संघाच्या गोलंदाजीची मदार बाळूंवरच होती. १९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघाच्या दृष्टीने हा दौरा यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. संघाने जितके सामने जिंकले त्याहून कितीतरी अधिक गमावले. पण पस्तिशीच्या घरातल्या बाळूंनी तेथील ओल्या, अनोळखी खेळपट्ट्यांवर ११४ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्धच्या एका सामन्यात त्यांनी अकरा बळी घेतले, आणि तो सामना आपल्या संघाने जिंकला. संघ हरत असताना चांगली गोलंदाजी करीत राहणे हे जिंकणाऱ्या संघातून खेळण्यापेक्षा कितीतरी अवघड. ते परत आले तेव्हा मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असलेल्या तरुण भीमराव आंबेडकरांनाही बाळूंचा मोठा अभिमान वाटे. अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने बेसबॉलच्या वरिष्ठ सामन्यांतील वर्णबंदी १९४७ साली मोडली, आणि त्याचे नाव जगभर झाले. बाळूंनी आपल्या देशातील तशीच एक भिंत त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी ओलांडली होती.

आता या चरित्रातील कटू भागाकडे वळतो. ज्येष्ठता, अनुभव आणि कर्तृत्व या तिन्ही दृष्टींनी हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंकडे यावयास हवे होते. दरवर्षी निवड होई आणि दरवर्षी दुसऱ्याचे नाव पुढे येई. कप्तान म्हणून सत्कार स्वीकारताना श्री. पै यांनी स्वतःच तो मान वास्तविक बाळूंचा असल्याचे मोकळ्या मनाने बोलून दाखवले. तरीही निवड करणारांचे मन पालटले नाही. १९१० पासून १९२० पर्यंतची दहा वर्षे अशी गेली. या काळात बाळू खेळत राहिले. धाकटे बंधू गणपत आणि विठ्ठल हेही संघात आले, आणि चौघा भावांचे हे घराणे हिंदू क्रिकेटचा कणा बनले. गणपत दुर्दैवाने अल्पायुषी ठरले.

१९२० सालच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी प्रकरण निकरास आले. बाळूंना संघातून वगळण्यात आले, आणि पै आजारी असल्यामुळे कप्तानपद प्रा. दि. ब. देवधर यांना देण्यात आले. देवधर पुढे फार थोर खेळाडू म्हणून गाजले, त्यांच्या योग्यतेविषयी येथे प्रश्न नाही. परंतु त्या दिवशी पालवणकर बंधू त्यांच्याहून अनुभवाने वडील होते. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून संघातून आपली नावे मागे घेतली. जातीच्या कारणाने होणारा हा अपमान आपण सहन करणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. लोकमत त्यांच्या बाजूने फिरले. महात्मा गांधींच्या चळवळीमुळे अस्पृश्यतेचा प्रश्न तेव्हा देशापुढे आलेलाच होता. अंतिम सामन्यासाठी बंधू परत आले, बाळूंना उपकप्तान नेमण्यात आले, आणि सामना चालू असता पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, जेणेकरून संघाचे नेतृत्व बाळूंकडे यावे. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या पुरुषाला आयुष्यात कप्तानपद लाभले ते एवढेच, कोणी सद्भावनेने रिकाम्या करून दिलेल्या काही घटकांपुरते.

या प्रसंगाचा बोध आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. चिकाटी म्हणजे निमूटपणे सोसत राहणे, असा अर्थ आपल्याकडे सर्रास केला जातो. मुकाट्याने काम कर, एक दिवस वरचे लोक तुझे गुण ओळखतील, असे आपण आपल्या मुलांना सांगतो. बाळू दहा वर्षे हेच करीत होते, आणि वरच्या लोकांनी गुण ओळखूनही मान दिला नाही. जे थोडे पदरात पडले, ते धाकट्या भावांनी खेळण्यास नकार दिला तेव्हा पडले. त्यांचा तो नकार माघार नव्हता. तीही चिकाटीच होती. कामात तसूभर कमी पडू नये, आणि कामाबरोबर मिळणारे बोळके मात्र आपली योग्यता म्हणून स्वीकारू नये, या दोन्ही गोष्टी मिळून न हरणारे मन तयार होते. पहिली आपण मुलांना शिकवतो. दुसरी शिकवण्याचे राहून जाते.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हे हिंदू संघाचे कप्तान झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला, आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून मिरवले. खांदे देणारांत सर्व जातींचे लोक होते. थोरल्या भावाने तीन रुपयांच्या पगारावर रूळ ओढण्यास आरंभ केला, त्याला तीस वर्षे होऊन गेली होती. जे फळ थोरल्याने पिकवले, ते धाकट्याच्या ओंजळीत पडले. विठ्ठलांनी पुढे १९४८ साली माझे क्रीडा-जीवन या नावाने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यामुळे या घराण्याची हकीकत आज आपणांस वाचावयास मिळते.

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या सप्टेंबरात झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे ते उभे राहिले, आणि समोर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्याचा तरुणपणी अभिमान बाळगला त्याच्याशीच बाबासाहेबांना लढत द्यावी लागली, हा इतिहासाचा विचित्र खेळ होय. त्या वेळी कोणाचा मार्ग बरोबर होता, यावर समाजात पुष्कळ चर्चा झालेली आहे, आणि काळाने आपला कौल बाबासाहेबांच्या बाजूने दिलेला आहे. हे मान्य करूनही बाळूंचे ऋण कमी होत नाही. थोर पुरुषाची प्रत्येक भूमिका आपणांस पटलीच पाहिजे असा आग्रह धरला, तर आपल्या देव्हाऱ्यात कोणीच उरणार नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचे देहावसान झाले.

वाचकहो, बाळू ज्या काळात साहेबांच्या जाळीत चेंडू टाकीत होते, त्या काळी आपले हे शहर निजामाच्या राज्यात होते, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या मुलांना शाळेची पायरीही दुर्मीळ होती. १९५० साली बाबासाहेबांनी येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. १९५८ साली विद्यापीठ आले, आणि १९९४ साली त्यास बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्या नावासाठी वर्षानुवर्षे लोक झगडले, आणि झगडणारांपैकी कित्येकांना ते पाहावयास मिळाले नाही. आज नागसेनवनातून पदवी घेऊन बाहेर पडणारा आपला मुलगा किंवा मुलगी ज्या रस्त्याने चालते, तो रस्ता अशाच, फळ न मिळालेल्या माणसांनी तयार केलेला आहे.

म्हणून दाराशी उभ्या राहिलेल्या त्या दोन तरुणांना आम्हांस असे सांगावयाचे आहे की, तुम्ही मान खाली घालू नका. यश मिळाले तरच चिकाटी खरी, हा हिशेब चुकीचा आहे. त्या हिशेबाने कप्तानपद न मिळालेले बाळू हरले असे म्हणावे लागेल, आणि तसे म्हणण्यास कोणाची जीभ रेटणार नाही. तुमचा अभ्यास वाया जात नाही. तो तुमच्या धाकट्या भावंडांच्या पाठ्यपुस्तकांवर, तुमच्या मुलांच्या बोलण्याचालण्यात उतरतो. मात्र एकच परीक्षा म्हणजे सारे आयुष्य असे मानून वर्षामागून वर्षे झिजवू नका. बाळूंना बॅट मिळाली नाही, तेव्हा त्यांनी चेंडूवरच आपले नाव कोरले. एक दार बंद राहिले तर हाती असलेल्या विद्येचा दुसरा उपयोग शोधणे, हीदेखील हार न मानण्याचीच रीत होय.

आणि समाजातील वडीलधाऱ्यांना आमची एक नम्र सूचना आहे. यापुढील गुणगौरव समारंभात पहिल्या आलेल्या मुलांबरोबरच, अपयशानंतर पुन्हा परीक्षेस बसलेल्या मुलामुलींनाही व्यासपीठावर बोलवावे. त्यांना हार नको असेल तर नको, पण बसावयास खुर्ची द्यावी, आणि चहाही सर्वांच्याच कपातून द्यावा. ज्या समाजाच्या थोर पुत्राने मातीच्या बोळक्यातला चहा पिऊन देशाला विजय मिळवून दिला, त्या समाजाने तरी आपल्या कोणत्याही मुलाला दाराबाहेर उभे ठेवू नये. एवढे आपण केले तर बाळूंच्या पुण्यस्मृतीस ती खरी आदरांजली ठरेल.